फौजीचं म्हातारपण आणि घरातली शुश्रूषा

लष्करातला जवान साधारण पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येतो. ज्या वयात इतर नोकरदारांचा जम बसू लागतो, त्या वयात त्याची वर्दी उतरते. पुढची चाळीस-पन्नास वर्षं तो माजी सैनिक म्हणून जगतो. बायको वयानं लहान असल्यामुळे अनेक घरांत त्याच्या माघारी आणखी काही वर्षं तिच्या एकटीच्या वाट्याला येतात. सेवा वीस वर्षांची, आणि तिच्यामागचं दोघांचं आयुष्य त्याच्या दुपटी-तिपटीचं. भरती, परेड, शौर्यपदकं यांच्याबद्दल आपण भरभरून बोलतो. या लांबलचक उत्तरायुष्याबद्दल, त्यातही अंथरुणाला खिळलेल्या दिवसांबद्दल, मात्र फारसं बोललं जात नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न गावागावांत आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात उभं आहे. कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळी आहे. अशा गावांत पिढ्यान् पिढ्या पोरं फौजेत जातात. ज्या घरी वडील पेन्शनवर आहेत, तिथला मुलगा आज सीमेवर असतो किंवा पुण्या-मुंबईत नोकरीला. गावच्या घरात उरतात दोघं म्हातारी. त्यातला एक पडला की दुसऱ्यानं सगळं उचलायचं. बहुतेक वेळा उचलणारी ती असते.

मग सरकारकडून या घराला काय मिळतं? अन्न, औषध, मदतनीस, विधवेचा चरितार्थ असा सगळा आधार एकाच अर्जावर मिळेल, अशी योजना आपल्याकडे नाही. आधार आहे, पण तो चार-पाच खिडक्यांवर विखुरलेला आहे. कोणती खिडकी कशासाठी आहे, ते एकदा नीट समजून घेतलं पाहिजे.

उपचाराची खिडकी : ईसीएचएस

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ईसीएचएस, १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. निवृत्त होताना एकदाच वर्गणी भरायची आणि आयुष्यभर उपचार घ्यायचे, असं तिचं स्वरूप आहे. पेन्शनर स्वतः, पत्नी, अवलंबून असलेली मुलं आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेतले आई-वडील हे सगळे तिच्यात येतात. युद्धविधवांना आणि १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना वर्गणी माफ आहे. आज देशभरातले साठ लाखांहून अधिक लाभार्थी या योजनेत आहेत.

कामाची पद्धत ठरलेली आहे. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये टोकन घ्यायचं, मेडिकल ऑफिसरला दाखवायचं, औषधं खिडकीवर घ्यायची. मोठी तपासणी किंवा शस्त्रक्रिया असेल, तर तिथून रेफरल घेऊन यादीवरच्या खासगी रुग्णालयात जायचं. तिथे पैसे भरावे लागत नाहीत. एखादं औषध साठ्यात नसेल, तर चिठ्ठीवर 'एनए' म्हणजे उपलब्ध नाही असा शेरा आवर्जून मारून घ्यायचा. तो शेरा नसेल, तर बाहेरून घेतलेल्या औषधाचं बिल मंजूर होताना अडतं. रात्री-अपरात्री झटका आला आणि जवळच्या, यादीत नसलेल्या रुग्णालयात न्यावं लागलं, तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. ही मुदत घरातल्या प्रत्येकाला पाठ असली पाहिजे. कारण त्या वेळी कार्ड ज्याच्या नावाचं आहे, तो स्वतः बोलण्याच्या स्थितीत नसतो.

घरी पडून असलेल्या रुग्णाच्या दृष्टीनं ईसीएचएसच्या दोन गोष्टी विशेष उपयोगाच्या आहेत. पहिली, उपकरणं. श्रवणयंत्र, नेब्युलायझर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, बायपॅप, कृत्रिम अवयव, व्हीलचेअर यांसारख्या वस्तूंचा खर्च ठरलेल्या कमाल दरापर्यंत परत मिळतो. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांची शिफारस आणि मंजुरी आधी घ्यावी लागते. आधी खरेदी आणि मग अर्ज, असा उलटा क्रम झाला की पैसे अडकतात. दुसरी गोष्ट, 'सेहत' ही दूरसल्ल्याची सेवा. मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, संरक्षण मंत्रालयानं ती सर्वांसाठी खुली केली. घरातल्या मोबाइलवरून लष्करी वैद्यकीय सेवेच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं आणि चिठ्ठीही मिळते. खेड्यातून पॉलिक्लिनिकपर्यंत जाण्यासाठी गाडी भाड्यानं करावी लागणाऱ्यांना, आणि ज्यांना गाडीत बसवणंच अवघड आहे अशांना, हा मोठा आधार आहे.

पण ईसीएचएसचा सगळा जोर उपचारावर आहे. रोज अंग पुसणं, भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून जपणं, कॅथेटरची पिशवी रिकामी करणं ही कामं घरावरच पडतात. त्यांना माणूस लागतो, आणि माणसाला पगार लागतो.

मदतनिसाचा भत्ता

या माणसासाठी एक भत्ता आहे. कागदोपत्री त्याला सतत परिचर भत्ता म्हणतात, फौजी मंडळी अटेंडंट अलाउन्स म्हणतात. अपंगत्व पेन्शन घेणाऱ्या ज्या सैनिकाचं अपंगत्व शंभर टक्के आहे आणि ज्याला सतत दुसऱ्याची मदत लागते असं मेडिकल बोर्ड सांगतं, त्यालाच तो मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर १ जुलै २०१७ पासून हा भत्ता दरमहा ६,७५० रुपये झाला. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की त्यात २५ टक्के वाढ व्हावी, असंही ठरलं. रुग्ण सरकारी खर्चानं रुग्णालयात किंवा संस्थेत राहत असेल, तर त्या काळाचा भत्ता मिळत नाही.

त्या वेळचे ६,७५० रुपये म्हणजे दिवसाला २२५ रुपये. दिवसभरासाठी माणूस ठेवलेल्या कुणालाही ही रक्कम किती अपुरी आहे, हे सांगावं लागणार नाही. तरीही हक्क आहे आणि तो घेतलाच पाहिजे. अपंगत्व नंतरच्या वर्षांत वाढलेलं असेल, तर पुन्हा मेडिकल बोर्डापुढे जाण्यासाठी रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करता येतो. बरेच जण निवृत्तीच्या वेळचा टक्का शेवटपर्यंत तसाच राहू देतात.

या भत्त्याची खरी मर्यादा मात्र रकमेपेक्षा अटीत आहे. अपंगत्वाचा सेवेशी संबंध असावा लागतो. सियाचिनला तीन हिवाळे काढून सुखरूप घरी आलेला हवालदार अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अर्धांगानं पडला, तर त्याला हा भत्ता नाही. त्याच्या बायकोवरचं काम मात्र युद्धात जखमी झालेल्या जवानाच्या बायकोइतकंच जड आहे. आणि पुढे तीच विधवा अंथरुणाला खिळली, तर तिलाही हा भत्ता नाही. तो फक्त सैनिकाला आहे, त्याच्या निधनाबरोबर तो थांबतो.

खडकीचा वसा

जखमी सैनिकाची आयुष्यभराची काळजी कशी घ्यावी, याचे धडे महाराष्ट्रातच गिरवले गेले. अपंग सैनिकांना हाताला काम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत सुरू झाली आणि आज ती पुण्यात खडकीला आहे. कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात १९४४ साली सुरू झालं. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत पाठीचा कणा दुखावून कायमचे खुर्चीला बांधले गेलेले अनेक तरुण जवान होते. त्यांच्यासाठी खडकीत १९७४ साली पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभं राहिलं. असंच एक केंद्र मोहालीलाही आहे. अशा ठिकाणी राहणं, जेवण, फिजिओथेरपी, खेळ आणि हाताला काम या गोष्टी एकाच आवारात मिळतात.

योग्य आधार मिळाला तर माणूस किती दूर जाऊ शकतो, हे सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी दाखवलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचा कमरेखालचा भाग निकामी झाला. सात वर्षांनी, १९७२ मध्ये, त्यांनी हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत पोहण्यात भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण अशा केंद्रांत जागा मोजक्या आणि गरज मोठी. बाकी सगळ्यांचं खडकी म्हणजे त्यांचं स्वतःचं घर, आणि तिथली परिचारिका म्हणजे बायको.

तिची पेन्शन

सैनिक सेवेत असताना गेला की निवृत्तीनंतर, आणि गेला तो कशामुळे, यावर कुटुंब पेन्शन ठरते. युद्धात किंवा दहशतवाद्यांशी लढताना वीरमरण आलं, तर पत्नीला शेवटच्या पगाराइतकी उदारीकृत कुटुंब पेन्शन मिळते. मृत्यूचं कारण सेवेशी जोडलेलं असेल, तर ६० टक्क्यांची विशेष पेन्शन. निवृत्तीनंतर म्हातारपणी निधन झालं, तर सर्वसाधारण कुटुंब पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. निवृत्तीनंतर लवकर मृत्यू आला, तर सात वर्षं किंवा सैनिक ६७ वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर दर वाढीव असतो. बहुतेक वृद्ध विधवांना मात्र हा ३० टक्क्यांचाच दर लागू होतो.

ढोबळ हिशेब असा. नवऱ्याची मूळ पेन्शन २५,००० रुपये, म्हणजे पगाराच्या निम्मी. तो गेल्यावर बायकोला १५,००० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता. घराचा खर्च निम्मा होत नाही, उलट आता तिच्या स्वतःच्या औषधांची भर पडलेली असते.

इथे एक तरतूद मोठ्या मदतीची आहे. वय ८० पूर्ण झालं की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात. ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरी गाठली की पूर्ण १०० टक्के. हे सैनिकाला मिळतं, तसंच कुटुंब पेन्शन घेणाऱ्या विधवेलाही मिळतं. वरच्या उदाहरणातल्या बाईंना ऐंशीव्या वर्षी दरमहा ३,००० रुपये आणि नव्वदाव्या वर्षी ६,००० रुपये वाढून मिळतील. शुश्रूषेसाठी बाई ठेवायची वेळ येते, नेमक्या त्याच वयात.

पण ही वाढ तिच्या वयावर मिळते, नवऱ्याच्या नाही. आणि तिचं वय सरकारला कळणार कुठून? पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओवरून. जुन्या कितीतरी पीपीओंवर पत्नीचं नाव आहे, जन्मतारीख नाही. १९५०-६० च्या दशकात लग्न होऊन आलेल्या बाईच्या जन्माची नोंद गावात कुणी केलेली नसते, शाळेचा दाखला नसतो. पीपीओवर नाव 'हौसाबाई', आधारवर नवऱ्याच्या नावासकट 'हौसाबाई', बँकेच्या पासबुकावर नुसती 'हौसा', मतदार यादीत वय भलतंच, असे चार कागद चार दिशांना तोंड करून बसलेले असतात. नवरा हयात असताना ही दुरुस्ती करणं त्या मानानं सोपं असतं. त्याच्या सहीचा अर्ज, पॅन, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रासारखा पुरावा, गरज पडल्यास एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर काम होऊ शकतं. तो गेल्यावर तेच काम दुःखात बुडालेल्या, कचेरीचं तोंडही न पाहिलेल्या बाईला करावं लागतं. या एका नोंदीपायी हक्काची वाढ वर्षानुवर्षं अडून राहते.

आता संरक्षण दलांची पेन्शन 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेतून, प्रयागराजच्या कार्यालयामार्फत दिली जाते. तिच्यात नाव, जन्मतारीख, आधार, बँक खातं सगळं जुळावं लागतं. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो चुकला की पेन्शन थांबते. 'जीवन प्रमाण' या डिजिटल सेवेच्या साहाय्यानं तो मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, किंवा पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन थोड्या शुल्कात घरी येऊन करून देतो. अंगठ्याचे ठसे पुसट झालेल्या, उठून बसू न शकणाऱ्या माणसांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

घरात जन्मतः किंवा पुढे अपंगत्व आलेलं अपत्य असेल, तर त्याचीही नोंद आई-वडील हयात असतानाच करून ठेवावी. कमावू न शकणाऱ्या अशा अपत्याला आयुष्यभर कुटुंब पेन्शन मिळू शकते.

ज्यांना पेन्शनच नाही

जवानाला पेन्शन मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे पंधरा वर्षं सेवा लागते. त्याआधी घरी आलेले माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांची स्थिती सगळ्यात बिकट. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, ६५ वर्षांवरील अशा निराधारांसाठी संरक्षण मंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून दरमहा अनुदान मिळतं. ते ४,००० रुपये होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते ८,००० रुपये करण्यात आलं आणि १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना लागू झालं. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत केंद्रीय सैनिक बोर्डाकडे जातो. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. त्या वेळी शाळा-कचेऱ्यांत जमणारा ध्वजनिधी या अनुदानाच्या कामी येतो. हे ठाऊक झालं, तर देणारा हात जरा सढळ होईल.

पुढच्या काळासाठी हा मुद्दा आणखी महत्त्वाचा ठरणार आहे. २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांना सेवा निधीची रक्कम एकदाच मिळते. पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. त्यांच्या म्हातारपणाचा विचार आजपासूनच त्यांच्या घरांनी आणि सरकारनं करायला हवा.

अमेरिकेकडून घेण्यासारखं

अमेरिकेतला माजी सैनिक विभाग 'एड अँड अटेंडन्स' नावाची वाढीव पेन्शन देतो. युद्धकाळात सेवा केलेला, कमी उत्पन्नाचा माजी सैनिक अंघोळ, कपडे, जेवण यांसाठी दुसऱ्यावर अवलंबून असेल, तर त्याला ती मिळते. दुखणं युद्धातलंच असावं अशी अट त्यात नाही. आणि त्याच्या विधवेलाही, ती तशी परावलंबी झाली तर, तिच्या स्वतःच्या गरजेसाठी ती मिळते. २०१० साली तिथे आणखी एक कायदा झाला. गंभीर जखमी सैनिकाची शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसालाच मानधन, प्रशिक्षण आणि अधूनमधून विश्रांतीची सोय त्यानं दिली. आधी २००१ नंतर जखमी झालेल्यांपुरती असलेली ही सोय २०२० आणि २०२२ मध्ये टप्प्याटप्प्यानं सगळ्या पिढ्यांच्या सैनिकांना खुली झाली.

त्या देशाची तिजोरी आणि आपली तिजोरी यांत फरक आहे, हे मान्य. पण त्यामागचा विचार स्वस्त आहे आणि तो आपल्यालाही पेलेल. दुखणं कुठे झालं यापेक्षा माणूस आज किती परावलंबी आहे हे आधी पाहायचं, आणि शुश्रूषा करणारी बायको हीसुद्धा काम करणारी व्यक्ती आहे असं मानायचं. सतत परिचर भत्ता ८० वर्षांवरच्या परावलंबी सैनिकांना आणि विधवांना खुला करणं, पॉलिक्लिनिकची परिचारिका ठरावीक दिवशी गावोगावच्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे पाठवणं, या दोन गोष्टींची मागणी माजी सैनिक संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी लावून धरावी. ज्या बाईनं तरुणपणी नवऱ्याच्या बदल्या, सीमेवरचा पहारा आणि पत्रांची वाट सोसली, तिच्या उतारवयातल्या श्रमांना काही मोल असलंच पाहिजे.

घरातल्या मुलांसाठी चार शब्द

सरकार काय करेल ते करेल, पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. वडील फौजेत होते ना? मग येत्या सुट्टीत त्यांच्याबरोबर बसा. पीपीओ, डिस्चार्ज बुक, ईसीएचएस कार्ड आणि आधार समोर ठेवा. चारही कागदांवर आईचं नाव सारखं आहे का आणि तिची जन्मतारीख आहे का, ते पाहा. तफावत असेल तर अर्ज आजच करा. 'स्पर्श'चं खातं कोण उघडतं, त्याचा मोबाइल क्रमांक चालू आहे का, ते तपासा. आईच्या नावाचं स्वतंत्र किंवा संयुक्त बँक खातं आहे ना, याची खात्री करा. जवळच्या पॉलिक्लिनिकचा फोन क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. माजी सैनिकाच्या किंवा विधवेच्या नावावरच्या एका घराला राज्यात मालमत्ता कर माफ आहे. तो अर्ज ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत दिला आहे का, तेही विचारा.

या कामांसाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यात आहे आणि त्याची कार्यालयं जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. तिथे बहुतेक वेळा माजी सैनिकच काम करतात, त्यामुळे फौजी कागदांची भाषा त्यांना कळते. अर्ज भरून देणं हे त्यांचं कामच आहे. मध्यस्थाला टाळा आणि थेट तिथे जा.

वडिलांनी देशाची सेवा केली आणि आईनं वडिलांची. आता आईचे कागद नीट लावून देणं ही मुलांची पाळी आहे, आणि ते वडील हयात असतानाच झालं पाहिजे.